आरशात बघून काढलेली पिसं

आदरणीय विहीणबाई यांना,

तुमच्या विहिणीचा मनापासून नमस्कार. (आपल्या दोघींत वयाने मोठं कोण हा प्रश्न लग्नातही सुटला नव्हता, तेव्हा आधी नमस्कार मीच करून टाकते. नंतर कुरकुर नको.) तुमचा उजवा गुडघा आता कसा आहे? जिना उतरताना कट्कन वाजतो म्हणाला होतात, तो अजून वाजतो की गप्प बसला? व्याह्यांचा खोकला थांबला असेल असं धरून चालते. नसेल थांबला, तर ओलं डोकं घेऊन पंख्याखाली बसायचं बंद करा म्हणावं, विहीणबाईंचा निरोप आहे. इकडे सगळं ठीक. तुमचे जावई नेहमीप्रमाणे ऑफिसात असतात आणि घरी आले तरी ऑफिस त्यांच्या डोक्यात असतं. आमचे हे निवृत्त झाल्यापासून घरातल्या सगळ्या घड्याळांत एकच वेळ दिसावी म्हणून झटताहेत, आणि घड्याळं काही दाद देत नाहीत. तुमची नात ठमी मजेत आहे. (तुम्ही ठेवलेलं नाव फारच गोड आहे, पण ती कमरेवर हात ठेवून म्हाताऱ्या बाईसारखी बोलते, म्हणून इकडे सगळे ठमीच म्हणतात. काल तिने आजोबांना 'तुम्हाला काही सांगून उपयोग नाही' असं सुनावलं. कोणाकडून उचललं कोण जाणे.)

आता ही बाई फोन सोडून पत्र लिहायला का बसली, असं तुम्हाला वाटेल. त्याचं कारण असं की फोनवर आपलं बोलणं होतं तेव्हा तुम्ही बोलता आणि मी 'हो ना' म्हणते. तुमचं बोलणं मला आवडतं, खोटं कशाला सांगू, भाजी फोडणीला टाकून ऐकत बसते मी. पण आज मला बोलायचं आहे, आणि पत्रात तुम्हाला मध्येच तोंड घालता येणार नाही ही मोठी सोय आहे.

विषय तुमच्या लेकीचा आहे. घाबरू नका, ती धडधाकट आहे. गेल्या आठवड्यात तुमचा तिला फोन आला तेव्हा मी त्याच स्वयंपाकघरात मटार सोलत होते. मुद्दाम ऐकलं नाही, पण स्वयंपाकघर एवढंसं आणि तुमचा आवाज देवाने मोकळ्या हाताने दिलेला. नृत्यशाळेच्या बाई मुलींना घेऊन गावोगाव कार्यक्रम करणार आहेत, महिनाभराचा दौरा आहे, आणि सगळ्या मुलींचे केस आणि चेहरे यांची जबाबदारी एकट्या तुमच्या लेकीवर टाकायची त्यांची इच्छा आहे, हे तिने तुम्हाला सांगितलं. केवढ्या उत्साहाने सांगत होती! त्यावर तुम्ही म्हणालात की दुसऱ्यांच्या पोरींची तोंडं रंगवत महिनाभर भटकायचं, हे काय काम झालं? आणि सासरचे काय म्हणतील? ती 'बरं आई' म्हणाली, फोन ठेवला आणि माझ्यासोबत मटार सोलायला बसली. थोड्या वेळाने मी पाहिलं तर दाणे सालांच्या ढिगात आणि सालं भांड्यात.

माझं म्हणणं इतकंच की सासरचे काय म्हणतील हे सासरच्यांना कोणी विचारलंच नाही. सासर म्हणजे मी. (आमचे हे आणि तुमचे जावई हेही सासरातच मोडतात, पण ते नुसते सभासद. ठराव मांडायचा अधिकार त्यांना नाही.) आणि खरं सांगू का, त्याच दिवशी मला कोणी विचारलं असतं तर मीही तुमच्यासारखंच काहीतरी म्हटलं असतं. ती दर शनिवार-रविवार ती भलीमोठी पेटी घेऊन जाते, संध्याकाळी कपड्यांना चमकी लावून परत येते, आणि त्या चमकीचे कण माझ्या आमटीत सापडतात, एवढीच मला तिच्या कामाची माहिती होती. पण परवाच्या रविवारी मी पूर्ण दिवस तिच्याबरोबर होते. तो दिवस तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

त्याचं असं झालं की ऐन कार्यक्रमाच्या सकाळी तिची मदतनीस मुलगी तापाने आडवी झाली. सूनबाई फोन कानाला लावून एकीला विचार, दुसरीला विचार करत होती आणि मोकळं कोणीच नव्हतं. मी म्हटलं, मी येते. तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी विमान चालवायला येते म्हणाले. आता बघा, मी जन्मभर पोस्टाच्या खिडकीमागे बसलेली बाई. रांग कशी हलवायची, एकसारखं काम एकसारख्या वेगाने कसं उरकायचं, हे मला कोणी शिकवायला नको. शिवाय माझ्या दोन्ही धाकट्या बहिणींच्या वेण्या मीच घातलेल्या आहेत. (त्यातली मधली अजून म्हणते की तिचं कपाळ माझ्यामुळे मोठं झालं. तिच्याकडे लक्ष देऊ नका.) सूनबाईचाही नाइलाज होता. तिने पेटीचा एक कान माझ्या हातात दिला, दुसरा स्वतः धरला आणि आम्ही निघालो. आमचे हे ठमीला कडेवर घेऊन दारात उभे राहून आम्हाला असा हात करत होते की शेजारीण विचारायला आली, कुठे लांबच्या प्रवासाला चाललात का.

नाट्यगृहाच्या मागच्या अंगाला ती मेकअपची खोली. लांबट, अरुंद, एका भिंतीला या टोकापासून त्या टोकापर्यंत आरसा आणि आरशाभोवती दिवे, त्यातले निम्मे गेलेले. हेअरस्प्रे, मोजे आणि केळी यांचा मिळून एक वास. आणि त्यात मुली! बाकावर मुली, बाकाखाली मुली, एक तर कपडे अडकवायच्या खुंटीला लोंबकळत होती. सगळ्यांच्या अंगात पुढून बटणं असलेले शर्ट. मला वाटलं हा काही गणवेश असेल. नाही हो, केस एकदा बांधून झाले की डोक्यावरून काही काढायचं नाही, म्हणून तुमच्या लेकीचा हा कायदा. एक मुलगी तरीही घट्ट गळ्याचा बनियन घालून आलीच होती. सूनबाई तिला रागावली नाही. पेटीतून एक मोठा निळा शर्ट काढला आणि तिला दिला. तो शर्ट पाहून मी चाट पडले, कारण तुमचे जावई गेला महिनाभर तोच शर्ट घरभर शोधताहेत. मी गप्प आहे, तुम्हीही गप्प राहा.

पेटी उघडली तर आत प्रत्येक मुलीचा स्पंज वेगळा, वेगळ्या पिशवीत, वर तिचं नाव. मला हा थाट वाटला. मी म्हटलं, अगं एकच पुरे की, पुसून पुसून वापरायचा. ती म्हणाली, 'आई, एकीचे डोळे आले तर दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे येतील.' आम्ही पोस्टात अख्ख्या गावाची तिकिटं एकाच ओल्या स्पंजावर ओली केलेली आहेत.

केसांचं काम मी हौसेने अंगावर घेतलं. सगळ्या मुलींच्या मानेच्या वर, डोक्याच्या बरोबर मधोमध, एकसारखा अंबाडा हवा होता. मी कंगवा घेतला, पाण्याचा हात फिरवला आणि लहानपणीच्या सरावाने असे काही केस ओढले की एकही बट सुटेना. झपाझप पाच-सहा जणींचे अंबाडे घालून मी मागे सरून पाहिलं, तर सगळ्या पोरींच्या भुवया वर गेलेल्या. जणू कोणीतरी त्यांना एकदमच धक्कादायक बातमी सांगितली आहे. एकीला तर डोळे मिटता येईनात. सूनबाई आली, तिने पाहिलं, आणि देवाशपथ, हसलीसुद्धा नाही. 'आई, छान घट्ट झालेत, मी फक्त थोडे सैल करते,' म्हणाली आणि एकेकीच्या मागे उभी राहून तिने प्रत्येक अंबाडा हळूच सोडला आणि परत घातला. तेव्हा मी तिचे हात नीट पाहिले. आधी पोनी, मग पीळ, मग जाळी, मग आकडे. आकडा ती खुपसत नाही, आधी केसांत आडवा टेकवते, थोडे केस उचलते आणि वळवून आत सरकवते. मुलीला कळतही नाही. मग म्हणते, मान हलव, उडी मार, भूत आल्यासारखी डोकं झटक. मुली खदखदून हसत डोकं झटकतात आणि अंबाडा जागचा हलत नाही. (माझ्याकडे त्यानंतर स्प्रेचं काम आलं. डोळ्यांवर हाताची ढाल धरायची आणि फवारायचं, एवढंच. ढाल मी बरोबर धरली, पण डबा उलटा धरला. माझे पुढचे केस त्या दिवशी रात्री उशीला टोचत होते.)

आता तुम्ही म्हणता ते तोंडं रंगवणं. एक लहानशी मुलगी होती, पहिल्यांदाच रंगमंचावर जाणारी. ब्रश जवळ आला की ती किंचाळायची. दोन आयांनी तिला धरलं तर ती जास्तच किंचाळली. सूनबाईने त्या दोघींना बाजूला केलं, खाली फरशीवर बसली आणि ब्रश त्या मुलीच्या हातात दिला. म्हणाली, आधी तू माझं कर. त्या पोरीने रडं थांबवून तुमच्या लेकीचं नाक लालभडक रंगवलं. अगदी मन लावून, दोन हात देऊन. मग सूनबाई म्हणाली, आता माझी पाळी. आणि ती पोर मांजरासारखी डोळे मिटून पुढे बसली! नाक पुसायला पुढे वेळच मिळाला नाही. दिवसभर ती बाई लाल नाकाने त्या खोलीत सगळ्यांना हुकूम सोडत होती आणि सगळे निमूट ऐकत होते. कोणालाही हसू आलं नाही. मला आलं, पण मी पाठ फिरवून हसले.

चेहरे मात्र मला पटले नव्हते, हे कबूल करते. जवळून पाहिलं तर भडक दिसत होत्या मुली. गाल लाल, भुवया कोळशाच्या, ओठ असे की दुरून गाडी थांबेल. मी कुजबुजले, अगं जास्त होतंय. ती म्हणाली, 'आई, दहाव्या रांगेतून बघा.' मला वाटलं ही मला उडवून लावते आहे. पण नाही, दर दोन-तीन मुली झाल्या की ती स्वतः एकीला रंगमंचावर उजेडात उभी करायची, धावत प्रेक्षागृहात जाऊन दहाव्या रांगेत बसायची, डोळे बारीक करून बघायची आणि धावत परत यायची. दिवे रंग खाऊन टाकतात म्हणे. किती खातात ते तिला पाठ आहे, तरी ती बघून येत होती.

आता येते मुख्य प्रकरण. (हा परिच्छेद व्याह्यांना मोठ्याने वाचून दाखवू नका, मनातल्या मनात वाचा.) नाच होता लांबच्या प्रवासाला निघालेल्या पक्ष्यांचा. प्रत्येक मुलीच्या डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यापासून कानशिलाकडे जाणारं एक निळं पीस काढायचं होतं. सूनबाईने एका मुलीचा चेहरा पूर्ण करून तिला नमुना म्हणून उंच स्टुलावर बसवलं. एवढ्यात दुसरीच्या पोशाखाचा मागचा हूक तुटला, तो शिवायला तिला जावं लागलं. जाताना मला म्हणाली, 'आई, पिसं तेवढी सुरू करता? सोपं आहे. फक्त नमुन्याच्या तोंडाकडे बघून काढा, आरशात बघून नको.' मी म्हटलं, तू जा गं निश्चिंत. आता नमुना म्हणून बसवलेली मुलगी ती, तीही मुलगीच. सूनबाईची पाठ वळताच ती स्टुलावर गर्रकन फिरली आणि आरशात स्वतःकडे बघत बसली. तिची पाठ माझ्याकडे, चेहरा आरशात. चेहरा दिसतोय ना, मग झालं, असं म्हणून मी कामाला लागले. आरशात पीस डावीकडे दिसत होतं, मी समोर बसलेल्या मुलीच्या तोंडावर माझ्या डाव्या हाताच्या बाजूला काढलं. पुढची. पुढची. पुढची. पोस्टातला जुना वेग अंगात संचारला हो! आणि पिसं खरोखर सुंदर आली होती, तो गुण मी स्वतःला देते. माझ्याकडे तोंड करून बसलेल्या मुलीची माझ्या डाव्या हाताची बाजू म्हणजे तिचा उजवा डोळा, हे माझ्या डोक्यात आलं नाही. तुमच्या आलं असतं का? खरं सांगा.

हूक शिवून सूनबाई परत आली आणि दुसऱ्या बाकावरच्या मुली करू लागली. आमच्या पाठी एकमेकींकडे, दोघी आपापल्या कामात गर्क. शेवटी नृत्यबाई पाहणीला आल्या. (नृत्यबाई म्हणजे सरळ पाठीची, कमी बोलणारी बाई. त्या आल्या की मुलीच काय, आयासुद्धा पोट आत घेतात.) सगळ्या मुली एका ओळीत उभ्या राहिल्या. निम्मी पिसं डावीकडे, निम्मी उजवीकडे. आणि सरमिसळ. पहिली घंटा झालेली. नृत्यबाई म्हणाल्या, 'हे काय?' सूनबाईने ओळीवरून नजर फिरवली, मग माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या चपलांकडे पाहिलं. पुसायची सोय नव्हती, तो निळा रंग पुसला की कातडी लाल होते आणि निळा डाग तसाच राहतो, हे तिनेच मला सकाळी सांगितलं होतं.

विहीणबाई, त्या क्षणी तिने एक शब्द जरी काढला असता, 'आईंनी केलं' असं नुसतं म्हटलं असतं, तर ते खरंच होतं. मी मान खाली घालून ऐकून घेतलं असतं. तुमची लेक म्हणाली, 'बाई, तालमीत मी दहाव्या रांगेतून पाहिलं. दोन्ही बाजूंनी मुली आत येतात, तेव्हा एका बाजूच्या मुलींचा डावा गाल प्रेक्षकांकडे असतो आणि दुसऱ्या बाजूच्यांचा उजवा. सगळ्यांना डावीकडेच पीस काढलं तर निम्मे पक्षी बिनपिसांचे दिसतात.' हे बोलत असतानाच तिने मुलींना आत येण्याच्या बाजूप्रमाणे दोन गटांत उभंही केलं. मग दिसलं की बऱ्याचशा मुली आपोआप जुळल्या होत्या आणि मोजक्याच चुकीच्या गालाच्या राहिल्या होत्या. त्या मोजक्यांना तिने समोर बसवलं आणि दुसऱ्या डोळ्यालाही पीस काढलं. नृत्यबाई म्हणाल्या, यांना दोन का? तर म्हणे, या म्होरक्या, वाट दाखवणाऱ्या. झालं, लगेच एका पिसाच्या पोरींनी भोकाड पसरलं की आम्हालाही म्होरक्या व्हायचंय! रडलं तर रंग वाहणार. सूनबाई लाल नाक घेऊन त्यांच्यापुढे वाकली आणि म्हणाली की म्होरक्यांना मागे वळून मैत्रिणींकडे बघता येत नाही, तुम्हाला येतं, सांगा आता कोणाला बदली करायची आहे. कोणालाच नको होती.

नंतर तिने मला सांगितलं, 'आई, आता तुम्ही पुढे जाऊन बसा.' मला वाटलं हकालपट्टी झाली. पण तिने माझ्यासाठी दहाव्या रांगेतली कडेची खुर्ची धरून ठेवली होती. दिवे गेले, पडदा वर गेला आणि दोन्ही बाजूंनी त्या मुली आल्या. काय सांगू तुम्हाला! कुठे तो भडकपणा, कुठे ते कोळशाचे डोळे. लांबून एकेकीचा चेहरा स्वच्छ, बोलका दिसत होता. आणि प्रत्येक पक्ष्याचं पीस आपल्याकडे. ती किंचाळणारी चिमुरडी सगळ्यात शेवटी आली आणि डोळे मोठे करून अशी काही हसली की मी एकटीच टाळ्या वाजवायला लागले. माझ्या शेजारी बसलेले गृहस्थ त्यांच्या बायकोला म्हणाले, मुली किती नैसर्गिक दिसताहेत, मेकअप केलेलाच दिसत नाही. सकाळपासून तीन जणींचं काम एकटीने उपसलं त्या बाईने, आणि हिशेबात काही केलेलंच नाही! मला राहवलं नाही. मी म्हटलं, केलाय, आणि माझ्या सुनेने केलाय. त्यांनी 'अच्छा' म्हटलं. मग पुढच्या रांगेतल्यांनाही सांगितलं. मग मागच्या. एका बाईंनी मला 'शू' केलं, तेव्हा थांबले. मला इतका अभिमान मुलगा नोकरीला लागला तेव्हाही वाटला नव्हता. (हे जावयांना कळवू नका.)

कार्यक्रम संपल्यावर आया आपापल्या मुलींचे फोटो काढत होत्या आणि तुमची लेक फरशीवर गुडघे टेकून सांडलेले आकडे वेचत होती, अनवाणी पोरींच्या पायांत जाऊ नयेत म्हणून. नृत्यबाई तिथे आल्या. म्हणाल्या, दोन पिसांची युक्ती फार चांगली होती, दौऱ्यात हेच ठेवू. आणि मग, 'दौऱ्याला येशील ना?' ती न उठताच म्हणाली की नाही जमणार. बाई म्हणाल्या, पुढच्या सोमवारपर्यंत विचार कर, तोवर मी दुसऱ्या कोणाला सांगत नाही. सूनबाई हसली आणि परत आकडे वेचायला लागली. माझ्यापासून दोन हातांवर, लाल नाकाची, पाठ वाकलेली. वेचलेले आकडे एकदा तिने डबीत टाकले आणि डबी उपडी करून पुन्हा वेचू लागली, आणि तिच्या ते लक्षातही आलं नाही.

घरी येताना पेटी दोघींत धरून चालत होतो. मी विचारलं, का नाही जायचं? म्हणाली, 'आई नको म्हणते.' मी म्हटलं, कोण आई? मी तर हूं की चूं केलं नाही. ती म्हणाली, 'माझी आई.' विहीणबाई, मी तिची सासू आहे. मी नको म्हटलं असतं तर तिने माझ्याशी वाद घातला असता, चार दिवस गाल फुगवले असते आणि शेवटी गेली असती, आणि ते मला चाललं असतं. पण तुम्ही नको म्हणालात तर ती वादच घालत नाही. एवढी ताकद तुमच्या एका वाक्यात आहे, आणि तुम्हाला त्याची कल्पना नाही.

तेव्हा तुम्ही विचार करावा एवढीच विनंती. माझा आग्रह मुळीच नाही. मुलगी तुमची, जीव तुमचा तुटतो, हे मी समजू शकते. तुम्हाला योग्य वाटेल तेच तुम्ही कराल आणि ते मला मान्य असेल.

गुडघ्याला जपा, जिन्यावरून सावकाश उतरा, आणि व्याह्यांना आमच्या ह्यांचा नमस्कार सांगा. ठमीचा तुम्हाला गालाला गाल लावून पापा. (तिने तो या कागदावर खरोखरच घेतला आहे, वरचा ओला डाग त्याचाच.)

तुमची,
पिसंवाली विहीण

ता. क. वर 'विनंती' लिहिलं आहे तिथे 'आग्रह' वाचावं, आणि 'आग्रह मुळीच नाही' हे वाक्य गाळावं.

आणखी एक. ती मदतनीस मुलगी दौऱ्यावर येऊ शकत नाही, तिची परीक्षा आहे. तिच्या जागी मी जाते आहे. नृत्यबाईंना परस्पर विचारून ठेवलं. त्या म्हणाल्या, सूनबाई येत असेल तर अवश्य या. (पिसांचं खरं काय ते त्यांना ठाऊक नाही, म्हणून हे पत्र कोणाच्या हाती पडू देऊ नका.) तेव्हा महिनाभर तुम्ही आणि व्याही आमच्याकडे राहायला यावं. आमचं घर तळमजल्यावर आहे, तुमच्या गुडघ्याला जिना लागणार नाही. ठमीला सकाळी दूध कोमट लागतं, आमच्या ह्यांना घड्याळांबद्दल काही विचारायचं नाही, आणि जावयांना निळा शर्ट सापडला का असं अधूनमधून विचारत राहायचं, म्हणजे त्यांना माझी उणीव भासणार नाही.

आणि आता शेवटचं. हे कृपया बसून वाचा. काल सकाळी सूनबाई आंघोळीला गेली असताना तुमचा फोन आला होता. म्हणजे आला नव्हता, पण आला होता असं मी तिला सांगितलं आहे. त्या फोनवर तुम्ही मला म्हणालात की त्या दिवशी तुम्ही घाईत बोललात, दौऱ्यावर तिने जरूर जावं, आणि एवढ्या आया आपल्या लेकींचे चेहरे जिच्या हाती विश्वासाने देतात, तिची आई असल्याचा तुम्हाला अभिमान वाटतो. (हे अभिमानाचं मी माझ्या पदरचं घातलं. तुमच्या मनात असणारच, फक्त तोंडून निघालं नसेल असं मला वाटलं.) पत्र तुम्हाला शनिवारपर्यंत मिळेल, पोस्टातली आहे मी, मला ठाऊक आहे. रविवारी ती तुम्हाला फोन करणार आहे, तोवर एवढी वाक्यं पाठ करून ठेवा. माझ्याकडून तो निरोप ऐकून काल ती ओल्या केसांनी दारातच उभी राहिली आणि तोंडावर टॉवेल धरून रडली हो, तुमची एवढी धीराची लेक. 'आई खरंच असं म्हणाली?' असं तिने मला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी हो म्हणाले. तिसऱ्यांदा ती तुम्हाला विचारेल.